जुन्या कार्बोरेटरची दुरुस्ती आणि त्यासाठी लागणारी अवजारे

(रिसोड येथे शेतकरी बांधवांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आपणांशी बियाणे, खत किंवा किडीविषयी बोलणार नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या गोठ्यात पोत्याखाली झाकून ठेवलेले एखादे जुने इंजिन आहे. कुणाचा पाठीवरचा पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप, कुणाचे पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारे पाणी ओढण्याचे इंजिन, तर कुणाची वडिलांच्या वेळची राजदूत, येझदी किंवा बुलेट. बॅटरीवरचे फवारे आल्यापासून आणि विहिरीवर विजेची मोटर बसल्यापासून ही इंजिने मागे पडली. तरीही ऑगस्टात सोयाबीनवर चक्रीभुंगा आणि उंटअळी एकाच वेळी दिसू लागली आणि आठ एकर वावर दोन दिवसांत फवारायचे असले, की पोते बाजूला करून जुना पंप बाहेर काढावाच लागतो. तो सुरू होत नाही. झाला तर धूर ओकतो, किंवा रेस दिली की बसतो. मग मिस्त्री शोधायचा, आणि तोवर अळी थांबत नाही.

अशा इंजिनांपैकी पुष्कळशी मुळात चांगली असतात. पिस्टन ठीक असतो, ठिणगीही येते, बिघाड असतो तो कार्बोरेटरमध्ये. आणि कार्बोरेटर वयाने जेवढे खराब होतात त्यापेक्षा जास्त ते चुकीच्या अवजाराने उघडल्यामुळे खराब होतात, असा माझा अनुभव आहे.

त्याची सुरुवात माझ्याच चुकीने झाली. मी शाळेत होतो. आमचे गाव पैनगंगेच्या काठचे. वडिलांनी नदीवर रॉकेलचे इंजिन ठेवले होते, कारण वीज रात्री यायची आणि तीही धड नाही. गव्हाला शेवटचे पाणी द्यायच्या दिवशी इंजिन अडले. मी कार्बोरेटर उघडला, जेटमध्ये कचरा दिसला, म्हणून घरातले दाभण आणून तो मोकळा केला. इंजिन लगेच सुरू झाले आणि मला शाबासकी मिळाली. त्यानंतर मात्र ज्या डब्यात सगळे वाफे भिजत, त्याच डब्यात पाऊणच भिजू लागले. काळा धूर, प्लगवर काजळी, आणि वडील रॉकेलवाल्याला दोष देत. खरे कारण मला पुष्कळ वर्षांनी, शिक्षण झाल्यावर कळले.

कारण असे. जेट म्हणजे पितळेचा छोटा स्क्रू आणि त्याच्या मधोमध अतिशय बारीक छिद्र. समजा ते छिद्र ०.९ मि.मी. आहे. पोलादी दाभण फिरवून आपण ते १.१ मि.मी. केले. फरक डोळ्यांना दिसणारही नाही. पण छिद्रातून जाणारे इंधन त्याच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हिशेब केला तर छिद्र जवळजवळ दीडपट झाले. केसाच्या जाडीच्या दुपटीएवढी चूक, आणि इंधन दीडपट! पितळ पोलादापेक्षा मऊ असते, हे लक्षात ठेवले तर पुढच्या निम्म्या गोष्टी आपोआप समजतील.

कार्बोरेटर म्हणजे काय, हे फवारणी करणाऱ्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. तोही एक फवाराच आहे. हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो आणि जेटमधून इंधन वर ओढले जाऊन त्याचे तुषार होतात. बुडापेस्टच्या डोनाट बांकी आणि यानोश चोंका या दोन अभियंत्यांना १८९३ च्या सुमारास ही कल्पना एका फुलवालीच्या पाणी शिंपडण्याच्या फवाऱ्यावरून सुचली, असे सांगतात. कथा खरी असो वा नसो, नोझल झिजले की औषध जास्त पडते आणि फवारा बिघडतो हे आपण जाणतो. जेटचेही तसेच आहे.

आता अवजारांकडे येऊ. पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे अवजार म्हणजे पेचकस. हसू नका. बाजारातल्या साध्या पेचकसाचे टोक पाचरीसारखे उतरते असते. ते जेटच्या खाचेत फक्त वरच्या कडेला टेकते, जोर दिला की उसळते आणि खाचेच्या कडा सोलते. दोन-तीन वेळा असे झाले की जेट निघतच नाही. यासाठी टोकाच्या दोन्ही बाजू समांतर असलेला पेचकस हवा. त्याची रुंदी जेटच्या खाचेइतकी आणि जाडी खाच भरून निघेल एवढी असावी. काही जेट खोल भोकात बसलेले असतात, तिथे पेचकसाची दांडीही बारीक हवी, नाहीतर ती भोकाचे आटे खाते. असा पेचकस विकत घेण्याची गरज नाही. जुना चांगल्या पोलादाचा पेचकस सहाणेवर सावकाश घासून, मधून मधून पाण्यात बुडवून, एका तासात घरी तयार होतो. पोलाद निळे पडले की ते मऊ झाले असे समजावे आणि तेवढे टोक काढून टाकून पुन्हा घासावे.

जपानी पद्धतीच्या कार्बोरेटरवरचे फुलीचे स्क्रू हा दुसरा त्रास. त्यांची फुली आपल्या नेहमीच्या फुलीच्या पेचकसाशी तंतोतंत जुळत नाही. जपानी मापाचा पेचकस वेगळा मिळतो, तो एक घेऊन ठेवावा. षट्कोनी डोक्याच्या जेटला पक्कड कधीही लावू नये. योग्य मापाचा छोटा बॉक्स पानाच वापरावा.

जेट बाहेर आल्यावर साफ कशाने करायचे? जुनी माणसे बाभळीचा काटा वापरत. आपण त्यांना अडाणी म्हणतो, पण काटा पितळेपेक्षा मऊ असतो, तो छिद्र मोठे करत नाही. त्याचा दोष एवढाच की टोक आत मोडते. त्यापेक्षा मासे पकडण्याचा बारीक तंगूस किंवा विजेच्या लवचिक वायरमधील तांब्याची एकच तार उत्तम. आधी जेट रात्रभर पेट्रोलमध्ये किंवा कार्बोरेटर साफ करण्याच्या द्रावणात भिजत ठेवावा, मग तंगूस घालावा, आणि शेवटी सायकलच्या पंपाने हवा मारावी. कॉम्प्रेसर असेल तर दाब कमी ठेवावा आणि डोळ्यांवर चष्मा लावावा. आतल्या वाटांतून उडणारा थेंब थेट डोळ्यात जातो.

एक विनंती हात जोडून करतो. फवारणी पंपाचे जेट तोंडाने फुंकू नका. ही सवय गॅरेजपासून वावरापर्यंत सगळीकडे आहे. फवारणी पंपाच्या प्रत्येक भागावर कीटकनाशकाचा अंश असतो. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरे उघडी पडली, हे आपण पाहिले आहे. दुरुस्तीपूर्वी पंप बाहेरून साबणाच्या पाण्याने धुवावा, हातमोजे घालावेत, आणि जवळ चूल किंवा बिडी असू नये.

चिंच, लिंबू किंवा आम्लाचे पाणी पितळेचे भांडे चकचकीत करते, म्हणून काही जण कार्बोरेटरही त्यात टाकतात. असे करू नये. कार्बोरेटरचे अंग पितळेचे नसते, ते बहुधा जस्त किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. आम्ल ते खाऊन टाकते.

आता मोजमाप. जेटवर आकडा कोरलेला असतो, पण सर्व बनावटींत त्याचा अर्थ एक नाही. डेल ऑर्टो पद्धतीच्या जेटवर ९० आकडा असेल तर छिद्र ०.९० मि.मी. इंग्लंडच्या अमल कार्बोरेटरवर, म्हणजे जुन्या बुलेटवर जो असे त्यावर, आकडा छिद्राचा नसून एका मिनिटात किती घन सेंटिमीटर इंधन वाहते याचा असतो. म्हणून एका गाडीचा जेट आकडा जुळतो म्हणून दुसऱ्या गाडीला बसवू नये. शंका असेल तर बारीक ड्रिलच्या बिटांचा संच उपयोगी पडतो. बिटाचा गुळगुळीत मागचा भाग हलक्या हाताने छिद्रात घालून पाहावा: ०.९० चा जातो आणि ०.९५ चा जात नाही, म्हणजे जेट शाबूत आहे. बिट फक्त मोजण्यासाठी आहे. तो बोटांत धरून फिरवण्याचा मोह होतो, मलाही होतो. तो आवरावा.

छिद्र मोठे झालेले जेट झाळून पुन्हा पाडण्याचे उद्योग काही कारागीर करतात. माझे मत असे की नवे जेट मिळत असेल तोवर या भानगडीत पडू नये.

यानंतर फ्लोट. फ्लोट म्हणजे खालच्या वाटीतला तरंगता भाग, आपल्या पाण्याच्या टाकीच्या बॉलसारखा. वाटीतली इंधनाची पातळी वर गेली की पेट्रोल गळते, धूर येतो. पातळी खाली गेली की रिकाम्यावर इंजिन छान चालते पण भार पडला की दम तोडते. पुस्तिकेत फ्लोटची उंची मि.मी. मध्ये दिलेली असते. व्हर्नियर कॅलिपरने ती मोजता येते, पण कॅलिपर धरताना फ्लोट दबतो आणि माप चुकते. त्याऐवजी पत्र्याच्या पट्टीला त्या उंचीची खाच कापून घ्यावी आणि ती पॅकिंगच्या जागेवर उभी ठेवावी. फ्लोटची जीभ वाकवायची असेल तर अगदी किंचित, आणि सुईवर जोर न देता.

याहून खात्रीचा उपाय म्हणजे पारदर्शक नळी. वाटीच्या तळाला इंधन काढून टाकण्याचा स्क्रू असतो. तसाच एक जादा स्क्रू घ्या, त्यात आरपार छिद्र पाडा आणि त्याला छोटी नळी झाळून बसवून आणा. लेथवाला हे काम करून देतो. तो स्क्रू बसवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी चढवायची, नळी कार्बोरेटरच्या शेजारी उभी धरायची आणि कॉक उघडायचा. वाटीच्या आत इंधन जिथे आहे, तिथेच ते नळीत दिसेल. अंदाज नाही, उघडणे नाही. ज्यांनी हे अवजार एकदा केले त्यांनी ते पुन्हा हातावेगळे केलेले मी पाहिले नाही.

जुने पितळी फ्लोट फुटून आत पेट्रोल शिरते आणि ते बुडतात. कानाजवळ हलवले तर आवाज येतो. गरम पाण्यात बुडवल्यास जिथून बुडबुडे येतील तिथे चीर असते. ती झाळता येते, परंतु आतले पेट्रोल पूर्ण निघून फ्लोट कित्येक तास वाऱ्यावर सुकल्यावरच, आणि ज्योतीने नव्हे तर तापलेल्या इस्त्रीनेच. आत वाफ राहिली असेल तर फ्लोट हातात फुटतो. झाळ कमीत कमी लावावी, कारण फ्लोट जड झाला की पातळी पुन्हा बदलते.

दोन बोल्टांवर बसणारे कार्बोरेटर वर्षानुवर्षे घट्ट पिळल्याने त्याचे कान वाकतात आणि मधून हवा घुसते. इंजिन मग स्लोवर टिकत नाही, आणि मिस्त्री स्क्रू फिरवत बसतो. हे तपासण्याचे अवजार म्हणजे आरशाच्या जाड काचेचा तुकडा. काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून कार्बोरेटरचे तोंड आठाच्या आकड्यासारखे हळूहळू घासावे. फक्त कडाच चमकल्या तर मध्ये खळगा आहे. सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत घासावे, नवे पॅकिंग टाकावे आणि बोल्ट आळीपाळीने, बेताने आवळावेत.

स्लाईडची सुई आणि ती ज्यात खालीवर होते ते छिद्र मात्र घासाने झिजते, आणि त्याला घरगुती इलाज नाही. अर्ध्या रेसवर पेट्रोल जास्त खात असेल तर सुईवर चमकदार पट्टा दिसतो का ते पाहावे. सुई आणि तिचे जेट जोडीनेच बदलावे. फुलपाखरी झडपेचा आस ढिला झाला असेल तर रीमर मारून नवा पितळी बुश बसवावा लागतो. हे काम चांगल्या लेथवाल्याचे आहे.

अलीकडच्या लहान दोन-स्ट्रोक फवारणी पंपांना आणि गवत कापण्याच्या यंत्रांना फ्लोट नसतो, रबरी पडदा असतो. पडद्याखालच्या तरफेची उंची मोजायला छोटी मापपट्टी मिळते, पण वालब्रो आणि झामा या बनावटींची पट्टी वेगवेगळी असते, हे पाहून घ्यावी. दाबमापक लावलेला हातपंप जोडून सुई किती दाबाला उघडते आणि नंतर दाब टिकतो की नाही, हेही तपासता येते. या कार्बोरेटरचे स्क्रू काही वेळा मुद्दाम विचित्र डोक्याचे केलेले असतात, त्यांना खास चावी लागते. पक्कड लावून ते मोडलेले पंप मी पुष्कळ पाहिले. ही तीन-चार अवजारे एकट्याने घेणे परवडणार नाही. गावातल्या गटाने मिळून एक संच घ्यावा. आपल्या तालुक्यात करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, कोणते माप घ्यावे याविषयी तेथे विचारणा करावी.

एक गोष्ट नवी आहे आणि ती जुन्या मिस्त्रींच्या ध्यानात अजून नीट आलेली नाही. २०२२ साली देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलचे मिश्रण गाठले गेले आणि २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. उसाला आणि मक्याला त्यातून बाजार मिळाला, ते चांगलेच आहे. पण आपली जुनी इंजिने त्यासाठी बनलेली नाहीत. इथेनॉल हवेतले पाणी ओढते. पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी पुरेसे साचले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर होतो. दोन-स्ट्रोक पंपात आपण तेल मिसळतो, ते वरच्या पेट्रोलबरोबर राहते. इंजिन मात्र तळाचा, तेल नसलेला थर आधी ओढते. पिस्टन धरला जातो तो असा. शिवाय जुने रबर फुगते, बुचाचे पॅकिंग सुटते आणि वाटीत पांढरट कीट जमते.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे पाहायला खुणा असलेली उंच काचेची नळी पुरते. तीत १०० मि.लि. पेट्रोल आणि २० मि.लि. पाणी घालून, तोंड बंद करून हलवावे आणि दहा मिनिटे ठेवावे. इथेनॉल पाण्यात उतरते. खालचा थर २० चा ४० च्या आसपास झाला तर मिश्रण सुमारे २० टक्के आहे. ते पेट्रोल परत टाकीत घालू नये. इथेनॉलला जाळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण थोडे कोरडे होते. प्लग पांढरा दिसू लागला आणि इंजिन तापू लागले तर सुईची क्लिप एक खाच खाली घ्यावी, म्हणजे सुई वर येते आणि इंधन वाढते. तेवढ्यासाठी जेट कोरू नये!

शेवटी स्लोची जुळवणी. जेटशेजारचा छोटा मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो आत टेकेपर्यंत किती फेरे जातात ते मोजावे, आणि हलकेच टेकवावा. जोराने आवळला तर त्याचे टोक वाकते व बसण्याची जागा फाटते. तो स्क्रू स्लाईडच्या एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत फिरवला की इंधन वाढते. इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो इंधनाचा, आत फिरवला की इंधन कमी होते. ही ओळख नसल्याने कित्येक जण उलट दिशेने फिरवत राहतात. दीड फेऱ्यावर ठेवून इंजिन सुरू करावे, चांगले तापू द्यावे, मग स्क्रू आत नेत इंजिन अडखळते ती जागा आणि बाहेर आणत अडखळते ती जागा पाहून, दोहोंच्या मध्ये ठेवावा. थंड इंजिनावर केलेली जुळवणी वावरात टिकत नाही.

रॉकेलवर चालणारे इंजिन ज्यांच्याकडे अजून आहे, त्यांनी बंद करण्यापूर्वी दोन मिनिटे पेट्रोलवर चालवावे, म्हणजे वाटीत रॉकेल राहत नाही आणि पुढच्या वेळी दोरी ओढून हात दुखत नाहीत. फवारणी पंप हंगाम संपला की टाकी रिकामी करून, आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवावा. तेल मिसळलेले पेट्रोल वाटीत राहिले तर पेट्रोल उडून जाते आणि तेलाचा चिकटा जेटमध्ये बसतो. पुढच्या ऑगस्टात पंप अडतो तो बहुतेक वेळा याच चिकट्याने. आणि पंप पोत्याखाली ठेवण्यापूर्वी जेटवरचा आकडा, सुईची खाच आणि स्क्रूचे फेरे गोठ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला तैलरंगाने लिहून ठेवावेत. कागद उंदीर खातात.

आता आपण बरोबर आणलेले कार्बोरेटर या टेबलावर मांडा. आधी त्यांचे जेट मोजून पाहू.